दृश्य अवधान

दृश्य अवधान : समोरच्या असंख्य गोष्टींतून त्या घडीला कामाची असलेली गोष्ट निवडून तिच्याकडे दृष्टी वळवण्याची मनाची प्रक्रिया. ही निवड टळत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरील लहानशा खळग्यालाच स्पष्ट दिसते आणि त्याच्या कक्षेत जेमतेम २ अंशांचा भाग येतो. म्हणून डोळे सेकंदाला ३-४ वेळा जागा बदलतात.

भडक रंग किंवा अचानक झालेली हालचाल लक्ष आपोआप खेचते; हेतू आणि अनुभव ते हवे तिथे नेतात. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार इल्या रेपिन यांनी काढलेले एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले. माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर फिरे. सांपत्तिक स्थिती विचारली की कपडे व सामानावर. जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, शोधायच्या वस्तूचा रंग, आकार असे गुण मन आधीच ठळक करून ठेवते.

नजर कुठे जाते हा प्रश्न गोव्याच्या किनाऱ्यांवर जिवाचा होतो. कळंगुट किंवा बाग्याला आलेल्या पाहुण्याची नजर फेसाळत फुटणाऱ्या लाटांवर खिळते, आणि त्यांच्यामधली शांत पट्टी त्याला उतरायला सोयीची वाटते. बहुधा तिथूनच किनाऱ्यावर चढलेले पाणी खोल वाटेने समुद्राकडे परत ओढले जात असते. पाणी खोल असल्यानेच तिथे लाट फुटत नाही. धोका असा डोळ्यांत न भरणारा असतो. बुडणारा माणूसही पुष्कळदा ओरडत नाही की हात हलवत नाही. शरीर पाण्यात उभे, तोंड पातळीला टेकलेले, एवढीच खूण. जीवरक्षकाला ती दुरून दिसते, कारण काय शोधायचे ते त्याला शिकवलेले असते. पोहायला येणाऱ्यांनाही या दोन खुणा सांगायलाच हव्यात.

मात्र शोधाचा हेतू पक्का असला की इतर गोष्टी निसटतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसांतील गाठी शोधणाऱ्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना प्रतिमेत मुद्दाम घातलेला गोरिला दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्यावर पडली होती. क्वचितच आढळणारी वस्तूही जास्त वेळा हुकते. त्यात थकव्याची भर पडते. नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ च्या प्रयोगात टेहळणीच्या पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. टेहळणीच्या पाळ्या म्हणूनच आखूड ठेवाव्या लागतात.