सेवा क्लब : सभा व समाजोपयोगी उपक्रम (ठाणे, नवी मुंबई)

नोकरी-व्यवसाय सांभाळून समाजकार्य करणाऱ्या नागरिकांचा, आंतरराष्ट्रीय संघटनेची सनद घेतलेला आणि ठरलेल्या वारी सभा भरवणारा स्थानिक गट म्हणजे सेवा क्लब. रोटरी, लायन्स, इनरव्हील आणि जेसीज ही त्यांतली ओळखीची नावे. ठाणे शहरात तसेच वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली अशा नवी मुंबईच्या उपनगरांत हे क्लब काम करतात. सभासदांत डॉक्टर, सीए, वकील, बांधकाम व्यावसायिक, दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले लघुउद्योजक असतात. एकाच टेबलाभोवती इतके वेगवेगळे धंदे बसतात, हीच क्लबची खरी ताकद. शिबिराला हॉल, गाडी, औषधे किंवा जनरेटर लागला की तो ‘कोणाकडे मिळेल’ हे सभेतच कळते.

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन मित्रांसह पहिली बैठक घेतली. बैठका आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत होत, त्यावरून रोटरी हे नाव पडले. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्स उभे राहिले. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले, आणि आजही लायन्सचे नाव निघाले की लोकांना डोळ्यांचे शिबिर आठवते. मुंबईत रोटरी १९२९ मध्ये आली, लायन्स १९५६ मध्ये. दोन्ही संघटनांत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. नव्या क्लबला सनद मिळण्यासाठी किमान २० सभासद लागतात. अनेक क्लब मिळून ‘प्रांत’ होतो आणि त्याचा प्रमुख म्हणजे ‘प्रांतपाल’. ठाणे व नवी मुंबईतील रोटरी क्लब ३१४२ या प्रांतात मोडतात.

सभा

रोटरीचे क्लब पूर्वी दर आठवड्याला भेटत. २०१६ पासून नियम सैल झाला आणि महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरल्या. सभा बहुधा संध्याकाळी साडेसातनंतर ठेवतात, कारण मुंबईहून लोकलने परतणारा सभासद त्याआधी ठाण्यात पोहोचत नाही. जागा एखाद्या हॉटेलचा छोटा हॉल, शाळेचा वर्ग किंवा क्लबची स्वतःची वास्तू.

सभेचा क्रम ठरलेला असतो. अध्यक्ष गळ्यात कॉलर (पदाचे चिन्ह असलेली माळ) घालून घंटा वाजवतात, राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते, मग अध्यक्षांचे दोन शब्द. त्यानंतर सेक्रेटरी सूचना वाचतात : पुढच्या शिबिराची तारीख, कोणाची नावे आली, कोणाची राहिली. वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस वाचले जातात. पाहुण्या वक्त्याची ओळख, सुमारे अर्धा तास भाषण, प्रश्नोत्तरे, आभार, पुन्हा घंटा आणि मग जेवण. या जेवणाला ‘फेलोशिप’ म्हणतात. नवा सभासद खरा रुळतो तो इथेच. व्यासपीठावर शिस्त राखायला रोटरीत सार्जंट-ॲट-आर्म्स असतो. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी हसतखेळत किरकोळ दंड वसूल करतो आणि सभा जडशीळ होऊ देत नाही. बोलताना व पत्रिकेत नावाआधी ‘रो.’ किंवा ‘ला.’ लावण्याची पद्धत आहे.

सभा बिघडते ती बहुधा दोन कारणांनी. एक, सूचनांचा भाग लांबतो, वक्त्याला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात आणि चांगला वक्ता पुन्हा येत नाही. सूचना आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकाव्यात आणि सभेत फक्त ज्यांवर निर्णय हवा त्याच घ्याव्यात. दुसरे, प्रकल्पावरचा वाद सर्वसाधारण सभेत रंगतो. खर्चाचे आणि निवडीचे निर्णय संचालक मंडळाच्या मासिक बैठकीत व्हावेत, कोरम (किमान उपस्थिती) मोजून व्हावेत आणि इतिवृत्तात लिहिले जावेत. ठराव क्रमांक, रक्कम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत या चार गोष्टी इतिवृत्तात नसतील, तर पुढच्या वर्षी त्या कामाचा कोणी वाली राहत नाही.

कारण रोटरी-लायन्स क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. रोटरीत पुढच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक ३१ डिसेंबरच्या आत उरकतात, म्हणजे नियोजित अध्यक्षाला तयारीला सहा महिने मिळतात. जुलैत पदग्रहण समारंभ होतो, पुढे प्रांतपालांची अधिकृत भेट. दरवर्षी नवा माणूस नवी उमेद घेऊन येतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. तिचा दोषही त्यातच आहे : नव्या अध्यक्षाला स्वतःचा ‘सिग्नेचर प्रोजेक्ट’ हवा असतो, आणि आधीच्या वर्षी बसवलेले शाळेतले पाण्याचे फिल्टर पहिले कार्ट्रिज संपल्यावर तसेच बंद पडून राहतात. चांगले क्लब यावर साधा उपाय करतात. प्रत्येक कायम प्रकल्पाला तीन वर्षांसाठी एकच समितीप्रमुख नेमतात आणि देखभालीची रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरतात.

पैसा

दोन खाती, ही इथली पहिली शिस्त. सभासदांच्या वर्गणीतून जेवण, हॉलचे भाडे, प्रांताची व आंतरराष्ट्रीय वर्गणी भागते. लोकांकडून जमवलेला पैसा वेगळ्या खात्यात राहतो आणि तो फक्त प्रकल्पांवर खर्च होतो. त्यातला रुपयाही फेलोशिपकडे वळू नये. त्यासाठी बहुतेक क्लब महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्र ट्रस्ट नोंदवतात, कारण देणगीदाराला ८०जीची (देणगीवरची आयकर) सवलत ट्रस्टच्या नावावर मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी या सवलतीला पात्र नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर सरकारकडे सीएसआर-१ अर्जाने नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे, आणि परदेशी देणगीसाठी एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याखाली परवानगी लागते. रोटरी फाउंडेशनच्या (रोटरीच्या निधी संस्थेच्या) ग्लोबल ग्रँट या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा आणि दुसऱ्या देशातला एक क्लब भागीदार हवा. अर्जाआधी गावाची गरज मोजलेला अहवाल द्यावा लागतो. डायलिसिस यंत्रे, शाळांची स्वच्छतागृहे अशी कामे या वाटेने होतात.

रक्तदान शिबिर

सर्वांत जास्त केले जाणारे आणि सर्वांत जास्त ढिसाळपणे केले जाणारे काम हेच. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. ३५० मिली रक्त घेतात. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलीही घेता येते. दोन दानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे, आणि महागडी भेटवस्तू ठेवणे हा त्याच नियमाला बगल देण्याचा प्रकार आहे. चहा, बिस्किटे, प्रमाणपत्र एवढे पुरे.

तारीख ठरवताना आधी कालनिर्णय उघडावे. आषाढी एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांत अर्धे दाते उपाशी असतात, आणि उपाशीपोटी रक्त दिले की चक्कर येते. दात्याने आधीच्या चार तासांत काही खाल्लेले असावे. चक्कर आलीच तर पाय वर करून आडवे झोपवायचे, भोवतीची गर्दी हटवायची आणि लगेच उठू द्यायचे नाही. खाणेपिणे खाटांपासून दूर, पण नोंदणीच्या टेबलाला लागून नको. नाहीतर रक्त देऊन आलेला दाता पुन्हा रांगेतच उभा राहतो. प्रत्यक्ष रक्त घ्यायला आठ-दहा मिनिटे लागत असली तरी नोंदणी, तपासणी आणि विश्रांती धरून माणसामागे अर्धा-पाऊण तास जातो. सहा खाटा असतील तर तासाला पंचवीसच्या आसपास दाते निघतात. त्याहून जास्त लोक एकाच वेळी बोलावले की कामावर जाणारे कंटाळून परततात.

रक्तपिशवीतून प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत प्रक्रिया सुरू व्हावी लागते. म्हणून रक्तपेढीची गाडी घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या कोंडीत अडकणार नाही अशा बेताने शिबिर संपवावे. दिवसभराचे शिबिर असेल तर दुपारी एक खेप आधीच पाठवावी. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, तांबड्या पेशी द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस. एकाच रविवारी चार क्लबांनी विक्रमी शिबिरे घेतली तर महिन्याभराने पिशव्या वाया जातात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजे बंद असतात, लोक गावी जातात, आणि रक्तपेढ्या कोरड्या पडतात. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेटची मागणी चढते. रक्तपेढीला विचारून, वर्षभरात विभागून घेतलेली चाळीस-पन्नास पिशव्यांची शिबिरे ही एका दिवसाच्या तीनशेपेक्षा रुग्णांच्या जास्त उपयोगी पडतात.

मोतीबिंदू आणि नेत्रदान

शाळेच्या वर्गात फक्त तपासणी होते. शस्त्रक्रिया रुग्णालयातच व्हायला हवी. दृष्टी मोजणे, बॅटरी किंवा स्लिट लॅम्पने (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाने) मोतीबिंदू पाहणे, रक्तदाब आणि साखर, हा तपासणीचा क्रम. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून निवडलेल्या आजी-आजोबांपैकी काहींची शस्त्रक्रिया साखर जास्त निघाल्यामुळे पुढे ढकलली जाते, आणि ते पुन्हा येत नाहीत. हा या शिबिरांचा सर्वांत मोठा गळतीचा बिंदू. त्यामुळे गावनिहाय यादी, आशा कार्यकर्तीचा फोन आणि दुसऱ्या गाडीचे भाडे हे आधीच बाजूला काढून ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे थेंब साधारण सहा आठवडे चालतात. थेंब घालायला घरी कोण आहे, हा प्रश्न ऑपरेशनआधी विचारावा.

नेत्रदानात मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. फोन केल्यावर घरच्यांनी पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी दान होऊ शकते. अर्ज भरून घेण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात. पण त्या क्षणी निर्णय वारसांचा असतो, म्हणून अर्जदाराच्या घरच्यांना समोर बसवून बोलणे महत्त्वाचे.

वनराई बंधारा

ठाणे जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत पाऊस मुबलक आणि उन्हाळ्यात टंचाई, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढ्याची धार बारीक झाली की क्लब गावकऱ्यांबरोबर वनराई बंधारे, म्हणजे पोत्यांचे तात्पुरते बांध, घालतात. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांश भरून तोंड शिवतात. ठासून भरलेले पोते एकमेकांवर नीट बसत नाही. भरण मातीमिश्रित हवे, नुसत्या रेतीतून पाणी झिरपून जाते. तळ खडकापर्यंत साफ करून पहिला थर रुंद, वरचे थर विटांच्या बांधकामासारखे सांधा मोडून, आणि पाण्याच्या बाजूला चिकणमातीचा लेप. तळाची सैल वाळू तशीच ठेवली तर पाणी खालून वाट काढते आणि बंधारा आठवड्यात बसतो. डिसेंबर उलटल्यावर घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला धारच नसते. बंधारा एका हंगामापुरताच असतो. पावसाळ्यापूर्वी उन्हाने फाटलेली पोती काढून नेली नाहीत तर प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या भातशेतीत जातात. गावाने जागा दाखवावी, क्लबने पोती आणि माणसे आणावीत. उलटे झाले की दुसऱ्या वर्षी कोणी जागेवर येत नाही.

इतर उपक्रम

गणेशोत्सवात मासुंदा, उपवन अशा तलावांच्या काठी स्वयंसेवक निर्माल्य गोळा करतात. फुले-पाने खतासाठी वेगळी आणि प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, हारातला दोरा वेगळा करायचा असतो. हे भाविकाच्या हातून घेतानाच करावे. बंद पिशव्या ढिगात गेल्या की सकाळपर्यंत त्या कुजतात आणि मग कोणी उघडत नाही. वृक्षारोपण जुलैच्या पहिल्या सरींनंतर, येऊरसारख्या ठिकाणी वनखात्याच्या परवानगीने आणि वनखाते सांगेल त्याच स्थानिक जातींचे करावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायची सोय नसेल तिथे रोपे लावू नयेत. पल्स पोलिओच्या रविवारी क्लबचे लोक बूथवर बसतात आणि राहिलेली मुले शोधायला वस्तीत फिरतात. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, तरी लसीकरण थांबलेले नाही.

शाळेत १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी इंटरॅक्ट, त्यापुढच्या तरुणांसाठी रोटरॅक्ट आणि लायन्सकडे लिओ क्लब असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि कॉलेजच्या सेमिस्टरमुळे यांचे काम खऱ्या अर्थाने जून ते जानेवारी चालते. त्यांना शिबिरात फक्त पाणी वाटायला उभे न करता नोंदणीचे टेबल सोपवले, हिशेबाची वही दिली, तर त्यांतलेच काही जण पुढे मोठ्या क्लबचे सेक्रेटरी होतात.