जपानमध्ये अंत्यविधी महाग कसा झाला?

जपान ग्राहक संघटनेच्या २००७ च्या पाहणीत एका अंत्यविधीचा सरासरी खर्च २३ लाख १० हजार येन निघाला. त्यातले साडेपाच लाखांच्या आसपास मंदिराचे. या आकड्याशेजारी अमेरिकेचे ४ लाख ४४ हजार येन ठेवून ‘पाचपट’ म्हणायची तेव्हा रीतच पडली होती. ही तुलना जरा जपूनच घ्यावी. अमेरिकेचा तो आकडा १९९० च्या दशकातला. २०२१ मध्ये तिथल्या दफनविधीचा मध्यक (median) खर्च ७,८४८ डॉलर होता, आणि त्यात कबरीची जागा धरलेली नव्हती. उलट जपानी आकड्यात जेवणावळीही येतात.

तरीही जपान महाग होताच, आणि त्याची मुळं थेट तोकुगावा राजवटीत जातात. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्म निपटून काढण्यासाठी या शोगुनशाहीने, म्हणजे लष्करी सरकारने, प्रत्येक घराला एखाद्या बौद्ध मंदिराकडे नाव नोंदवायला लावलं. मंदिराला कायमचा यजमान मिळाला आणि घराला कायमचा भिक्षू. सातवा दिवस, एकोणपन्नासावा दिवस, मग वर्षश्राद्धं, थेट तेहतिसाव्या वर्षापर्यंत. मृताला मिळणारं धर्मनाम, म्हणजे ‘काइम्यो’, त्यालाही पायऱ्या आहेत. सर्वांत वरची ‘इन’ उपाधी हवी तर दहा लाख येनही मोजावे लागतात. दरपत्रक मात्र नसतं. ‘यथाशक्ती’ म्हणतात आणि शक्ती किती ते यजमानाने ओळखायचं असतं.

खेड्यांत बाकीचं काम शेजारी करत. तिरडी, स्वयंपाक, खड्डा, सगळं गावाच्या अंगावर. गावाने वाळीत टाकलेल्या घराशीही दोन वेळा संबंध ठेवला जाई, आग लागली तर आणि मयत झाली तर. शहरांत मेइजी काळात (१८६८-१९१२) अंत्ययात्रांचा थाट वाढला, पण रस्त्यांवर ट्राम आणि मोटारी आल्यावर मिरवणुका आटल्या आणि देवळाच्या आकाराच्या सोनेरी शववाहिका आल्या. युद्धानंतर लोक गाव सोडून शहरात गेले, तसं शेजाऱ्यांचं काम कंपन्यांकडे गेलं. १९४८ मध्ये योकोसुकात दरमहा थोडे पैसे भरून अंत्यविधीची सोय करणारी पहिली संस्था निघाली.

हा भार घरं पेलत होती ती ‘कोदेन’मुळे, म्हणजे अंत्यविधीला येणाऱ्यांनी दिलेल्या पैशांमुळे. काळ्या-पांढऱ्या दोरीच्या पाकिटातून प्रत्येक जण पैसे आणतो. कोरी नोट घालत नाहीत, मरणाची वाट बघत आधीच काढून ठेवल्यासारखं दिसतं म्हणून. कोरीच असेल तर तिला एक घडी घालतात. दारातल्या टेबलावर वहीत नाव आणि रक्कम लिहिली जाते, अगदी आपल्याकडच्या अहेराच्या वहीसारखी. पुढे साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत जाते, बहुधा चहा किंवा टॉवेल. कंपनीतले सहकारी शंभरावर आले की खर्चाचा मोठा वाटा तिथेच निघे. म्हणून २३ लाख हा खिशातून गेलेला आकडा नव्हे, हे परदेशी वार्ताहरांच्या सहसा लक्षात आलं नाही.

हे चक्र माणसं कमी झाल्यावर अडखळलं. वयाच्या नव्वदीत गेलेल्याचे सहकारी उरलेले नसतात. घरच्यांपुरता विधी करायची पद्धत रुळली. काही जण तर विधीच न करता थेट दहन करतात. आता पाहुणे नाहीत म्हणजे कोदेनही नाही, आणि बिल पूर्ण दिसू लागलं. अमेरिकेत वस्तूनिहाय दर सांगण्याची सक्ती १९८४ पासून आहे. जपानमध्ये दर उघड करण्याचा रेटा बाजारातून आला. २०१० मध्ये इऑन या दुकानसाखळीने भिक्षूंच्या दक्षिणेचे अंदाजी दर संकेतस्थळावर टाकले. बौद्ध महासंघ खवळला आणि काही महिन्यांत ते काढावे लागले. पण २०१५ मध्ये अॅमेझॉनवर ३५ हजार येनांत भिक्षू मागवता येऊ लागला. दुसऱ्या एका पाहणीत २०२२ ची सरासरी ११ लाखांवर उतरली होती.

सध्याची तक्रार दहनाच्या शुल्काची आहे. टोकियोच्या २३ वॉर्डांतल्या नऊ स्मशानगृहांपैकी सात खासगी आहेत. त्यांतली सहा एकाच कंपनीची, आणि २०२४ मध्ये तिचा दर ९० हजार येनांवर गेला. शेजारच्या योकोहामात महापालिका रहिवाशांकडून त्याच कामाचे १२ हजार घेते.