घाना : प्रवास आणि लोकाचार

पश्चिम आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील देश. ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र होईपर्यंत ही ‘गोल्ड कोस्ट’ नावाची ब्रिटिश वसाहत होती. राजधानी आक्रा, चलन सेडी. राजभाषा इंग्रजी असल्याने प्रवाशाचे भाषेपायी फारसे अडत नाही. चूक होते ती शिष्टाचारात, आणि बहुतेक वेळा डाव्या हाताने.

पूर्वतयारी : पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते लस टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते. भारतात ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, म्हणून तिकिटाआधी तिची तजवीज करावी. हे पिवळे कार्ड परतीपर्यंत जपावे लागते. घानाहून भारतात उतरताना ते जवळ नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हिवताप तेथे बारमाही असून त्याच्या जंतूवर क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले तर ते परतल्यावरही ४ आठवडे घ्यायचे असते, कारण यकृतात दडलेले जंतू नंतर रक्तात उतरतात. घरी पोचल्यावर गोळ्या सोडून देणे ही नेहमीची चूक. विजेचा दाब भारताइतकाच, पण सॉकेट चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे, त्यामुळे जोडपिन (अ‍ॅडॉप्टर) न्यावी. वीज जाण्या-येण्याला ‘दुमसोर’ असा खास शब्दच आहे : ट्वी या तेथील भाषेत ‘दुम’ म्हणजे विझव, ‘सो’ म्हणजे पेटव.

अभिवादन : दुकानात शिरताच भाव विचारणे किंवा वाटेत गाठून थेट पत्ता विचारणे उद्धटपणाचे मानतात. आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘एते सेन?’ (कसे काय?), मग काम. चार माणसे बसली असतील तर आपल्या उजवीकडच्या टोकापासून एकेकाशी हस्तांदोलन करत डावीकडे जातात. समवयस्क पुरुष शेवटी एकमेकांच्या मधल्या बोटाने चुटकी वाजवतात. देणे, घेणे, दाखवणे, हात हलवून बोलावणे हे सारे उजव्या हाताने. जेवण्यापुरता उजवा हात पाळणाऱ्या मराठी माणसाचाही पैसे देताना डावा हात सहज पुढे होतो, आणि विक्रेती नोट घेतच नाही. उजवा हात अडकलेला असेल तर ‘सॉरी फॉर लेफ्ट’ एवढे म्हटले की भागते.

आपला जन्मवार आधी पाहून जावा. अकान या तेथील मोठ्या समाजात जन्मवारावरून नाव पडते : शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी आमा, रविवारची अकोसुआ. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची नावे अशीच. पाहुण्याला वार विचारून लगेच ते नाव देतात, आणि बाजारातली घासाघीसही त्यानंतर मवाळ होते.

त्रोत्रो : शहरातली खरी वाहतूक याच खासगी व्हॅनची, त्यांतल्या कित्येक मुळात मालवाहू. दारातला ‘मेट’ म्हणजे कंडक्टर ठिकाणाचे नाव तोडून ओरडतो. ‘सर्क-सर्क-सर्क’ म्हणजे क्वामे एन्क्रुमा सर्कल. बोट खाली रोखून गोल फिरवले तरी अर्थ तोच. स्थानकावरची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घड्याळ बाजूला ठेवावे. भाडे हातोहात पुढे जाते, सुटे पैसे बऱ्याच वेळाने मागे येतात. मेट सहसा विसरत नाही, पण मोठी नोट दिली की सगळ्यांचीच पंचाईत. उतरताना ‘मेट, बस स्टॉप!’ असे मोठ्याने सांगावे. टॅक्सीत ‘ड्रॉपिंग’ म्हणजे पूर्ण गाडी आपली. रिकाम्या टॅक्सीत न विचारता बसल्यास चालक तेच गृहीत धरतो, म्हणून भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. अंधार पडल्यावर लांबचा प्रवास टाळावा. बंद पडलेले ट्रक दिव्यांविना रस्त्यातच उभे असतात.

आहार : ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा आणि भाजीची केळी उकडून, उखळात कुटून फुफू करतात. हात धुऊन, बोटांनी घास तोडून तो सूपमध्ये बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावत बसले की तो दाताला चिकटतो. शाकाहाऱ्याची खरी अडचण वेगळी आहे. ‘मीट नको’ म्हटले तरी मासा येतो, कारण मासा ‘मीट’मध्ये मोजतच नाहीत. ‘शितो’ या काळ्या तिखटात सुका मासा आणि सुकट असते, सूपही बहुधा माशाचेच. त्यामानाने ‘वाचे’ सोयीचे : ज्वारीच्या वाळल्या पानांनी तांबूस झालेला चवळी-भात. तो घेताना शितो आणि रस्सा नको, गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) आणि तळलेली केळी चालतील, असे एकेका पदार्थाकडे बोट दाखवून सांगावे, अर्थात उजव्या हाताचे. सकाळी चवळीचे वडे ‘कोसे’ आणि आले-मिरे घातलेली बाजरीची आंबवलेली पेज ‘कोको’ मिळते. पिण्यासाठी ‘प्युअर वॉटर’ची ५०० मिलिलिटरची पिशवी, कोपरा दाताने फोडून.

प्रथा : अंत्यविधी बहुधा शनिवारी, मोठ्या मांडवात होतात. काळे-तांबडे कपडे घातलेले घोळके हे त्याचेच चिन्ह. निमंत्रण मिळाल्यास जावे, गडद कपडे घालावेत, मदतीची रक्कम द्यावी. तिची पावती मिळते आणि नाव ध्वनिक्षेपकावर पुकारतात. गावप्रमुखाच्या भेटीला श्नॅप्स या कडक दारूची बाटली नेतात. तेथे टोपी काढावी, पायावर पाय टाकू नये आणि प्रमुखाशी थेट न बोलता ‘ओच्यामे’ या त्याच्या प्रवक्त्यामार्फत बोलावे. आक्रामध्ये गा लोकांच्या होमोवो सणापूर्वी, साधारण मे-जूनमध्ये, महिनाभर ढोल वाजवण्यास बंदी असते. संगीतासाठी येणाऱ्याने हे दिवस टाळावेत. लष्करी छापाचे ठिपकेदार कपडे नागरिकांना निषिद्ध आहेत.

हंगाम व स्थळे : दक्षिणेत एप्रिल ते जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असा दोनदा पाऊस पडतो. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमॅटन वारा धूळ आणतो. ओठ फुटतात, कधी विमानेही खोळंबतात. पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतलेला एल्मिनाचा किल्ला आणि केप कोस्टचा किल्ला येथून गुलाम जहाजांवर चढवले जात. मार्गदर्शकासह पाहावेत; कोठड्यांत हसतखेळत फोटो काढणे तेथील लोकांना खुपते. मोले अभयारण्यात हत्ती पाहायचे तर जानेवारी ते मार्च योग्य, कारण तेव्हा बाकीचे पाणवठे आटलेले असतात. समुद्रात ओढ फार, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत खेचते. व्होल्टा सरोवरात गोगलगायींमार्फत पसरणारा बिलहार्झिया हा कृमिरोग होतो, तेव्हा तेथेही काठावरच थांबावे.