एक्क्यांची जोडी आली, म्हणून सगळं लावायचं?

दिवाळीच्या रात्री नागपुरात तीन पत्ती सोडून पोकर सुरू झाला, की कोणीतरी म्हणतंच, "एक्क्यांची जोडी आली नं, लाव सगळं!" अर्धंच खरं आहे बाप्पा. टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं पडण्याआधी हातातली ही जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध साधारण 85 टक्के वेळा जिंकते. चौघांविरुद्ध 56च्या आसपास. आता टेबलावर बदामाची नव्वी, दश्शी आणि गुलाम पडले, तुमच्याकडे बदाम एकही नाही, अन् समोरचा वाढवतच चाललाय. त्याचा रंग किंवा सिक्वेन्स जुळलेला असू शकतो, मग तुमची ती नुसती एक जोडी उरते. तेव्हा पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, लहान ठेवा, स्वतःहून वाढवू नका. मोठा पॉट फुल हाऊससारख्या (तीन सारखी पानं अन् एक जोडी) हातासाठी. "आधीच इतके चिंचोके टाकले" हे तर कारणच नव्हे. समोरच्यानं आत्ता लावलेली रक्कम धरून पॉट 300 असेल आणि तुम्हाला 100 भरायचे असतील, तर जिंकण्याची शक्यता किमान 25 टक्के हवी.