उखळी तोफ, उखळाविना

इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर वाळूत कधी काँक्रीटचा एक गोल ओटा सापडतो. लोक त्याला बोटी बांधायचा खुंट समजतात, कुणी नांगराचं वजन म्हणतात. खूण असते माथ्यावर. जात्याच्या खालच्या तळीतून खीळ वर आलेली असते, तसा मधोमध एक पोलादी खिळा. तो न गंजणाऱ्या पोलादाचा आहे, म्हणून ऐंशी वर्षं खारं वारं खाऊनही चकाकतो. हा खिळा दिसला, की ओटा 'ब्लॅकर बोंबार्ड' या तोफेचा.

मे-जून १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज परतली ती तोफा फ्रान्समध्येच टाकून. जर्मन रणगाडे किनाऱ्यावर उतरले तर अडवायचे कशाने? होमगार्डच्या, म्हणजे स्वयंसेवकांच्या राखीव दलाच्या, हाती बंदुकासुद्धा पुरेशा नव्हत्या. त्या घाईत लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट ब्लॅकर यांची जुनी कल्पना पुढे आली. चर्चिलनी प्रात्यक्षिक पाहिलं आणि पाठबळ दिलं.

कल्पना गमतीची होती. नेहमीच्या उखळी तोफेत गोळा नळीत जातो. इथे नळी गोळ्याच्याच शेपटीला, आणि तोफेला नुसता दांडा. म्हणजे मुसळ जागेवर आणि उखळच उडून जाणार! नळी ओतण्याचा खर्च वाचला, शिवाय सुमारे ९ किलोचा गोळाही टाकता येऊ लागला. पण रणगाडा शंभरेक यार्डांवर येईपर्यंत दम धरावा लागे. होमगार्डला ती फारशी आवडली नाही, यात नवल नाही.

चार पायांची तोफ हलवायला जड. म्हणून मोक्याच्या जागी खड्डे खणून मधे हे ओटे बांधले. तोफ वर बसवली की खिळ्याभोवती चौफेर फिरे. अशा सुमारे २२,००० तोफा बनल्या. स्वारी आलीच नाही. तोफा भंगारात गेल्या, ओटे उरले. किनारा झिजतो तसे काही उघडे पडतात. आसपास शेपटीचे पंखे असलेली गंजकी नळी दिसली तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवावं. ती गोळ्याची असू शकते.

ब्लॅकर हिंदुस्थानी फौजेतले, गाइड्स पलटणीचे. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधल्या पूर्णियाहून उडून एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमानं गेली, त्यातल्या एकात तेही होते. त्यांच्या दांड्याच्या कल्पनेतून पुढे खांद्यावरून डागायचं 'पियाट' निघालं. जून १९४४ मध्ये मणिपुरात निन्थौखोंगला गुरखा पलटणीतल्या गंजू लामा यांनी दोन जपानी रणगाडे फोडले, ते याच पियाटने.