बालदमा आणि अ‍ॅक्युपंक्चर

दमा असलेल्या मुलांच्या शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून, दाब देऊन किंवा लेसरचा झोत टाकून त्रास कमी करण्याचा पूरक उपचार. तो मूळचा प्राचीन चिनी वैद्यकातला. श्वासनलिकांचा दाह आणि त्यांचे वारंवार होणारे आकुंचन, हे आधुनिक वैद्यकानुसार दम्याचे स्वरूप. चिनी परंपरा मात्र त्याकडे ‘ची’ या प्राणशक्तीच्या प्रवाहातला अडथळा आणि फुप्फुस, प्लीहा व मूत्रपिंड यांची दुर्बलता म्हणून पाहते. या प्रवाहमार्गांना शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही.

दम्यासाठी वापरले जाणारे बिंदू मुख्यतः पाठीच्या वरच्या भागात, छातीवर आणि हातांवर असतात. ‘डिंगचुआन’ या नावाचा अर्थच ‘धाप शांत करणारा’ असा असून तो मानेच्या तळाशी, सातव्या मणक्याच्या बाजूला येतो. ‘फेईशू’ तिसऱ्या पृष्ठमणक्यालगत, तर ‘लिएच्युए’ मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला असतो. मुलांना सुईची भीती वाटते आणि ती फार वेळ स्थिर बसत नाहीत. म्हणून सुई टोचून लगेच काढतात, किंवा टोचतच नाहीत. जपानमधील ‘शोनिशिन’ पद्धतीत धातूच्या छोट्या साधनांनी त्वचेवर फक्त घासतात किंवा हलके थोपटतात. चीनमध्ये ऐन उन्हाळ्यात पाठीवरच्या बिंदूंवर मोहरीयुक्त लेप लावण्याची प्रथा आहे. हिवाळ्यात उसळणारा आजार उन्हाळ्यातच आवरावा, ही त्यामागची कल्पना. या लेपाने कोवळ्या त्वचेवर फोड येऊ शकतात.

उपचाराचा परिणाम तपासणे अवघड आहे, आणि त्याचे मुख्य कारण खुद्द बालदम्यात आहे. हा आजार ऋतू, सर्दी-पडसे, धूळ यांनुसार चढतो-उतरतो. पालक उपचारासाठी धावतात ते त्रास शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर तो बहुधा आपोआपही उतरतो आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. शिवाय, अमेरिकेतील टक्सन येथे जन्मापासून केलेल्या दीर्घ पाहणीत, पहिल्या तीन वर्षांत छातीत घरघर झालेल्या मुलांपैकी सुमारे 60 टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली आढळली. त्यामुळे तुलनेचा गट नसलेल्या अनुभवकथनावरून काहीच सिद्ध होत नाही.

चाचण्यांचे चित्र फारसे आशादायक नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2003 सालच्या आढाव्यात दीर्घकालीन दम्यावरील 12 चाचण्या आणि 350 रुग्ण होते. त्यावरून शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. ऑस्ट्रियात 44 मुले व किशोरांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकदा दिलेल्या लेसर अ‍ॅक्युपंक्चरमुळे थंड, कोरड्या हवेने होणारे श्वासनलिकांचे आकुंचन टळले नाही. डेन्मार्कमधील 2013 च्या अभ्यासात शालापूर्व वयाच्या मुलांची लक्षणे आणि औषधांची गरज उपचारकाळात कमी झाली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. तुलनेच्या गटाला लटका, म्हणजे खऱ्यासारखा भासणारा पण खोटा उपचार दिलेला नसल्याने, उपचारकाळातला फरकही सुयांमुळेच पडला असे म्हणता येत नाही.

या विषयातली सर्वांत बोलकी चाचणी मोठ्यांवर झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकी प्रयोगात त्याच रुग्णांना आळीपाळीने श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाचा खरा इन्हेलर, औषधविरहित इन्हेलर आणि लटके अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले. काही वेळा काहीच दिले नाही. एका सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या श्वासाचे प्रमाण खऱ्या औषधाने सुमारे 20 टक्के वाढले, इतर तिन्ही वेळा जेमतेम 7 टक्के. बरे वाटण्याबाबत मात्र खरे औषध, खोटे औषध आणि खोट्या सुया यांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे आकुंचन तसेच राहूनही रुग्णाला आराम वाटू शकतो. मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे, कारण लहान मूल आपला श्वास किती अडला आहे हे नेमके सांगू शकत नाही. वरवरच्या आरामावर विसंबून इन्हेलर बंद करणे जिवावर बेतू शकते.

प्रशिक्षित व्यक्तीने निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी केलेल्या उपचारात बहुतेक त्रास किरकोळ असतात: ठिपक्याएवढे रक्त, काळेनिळे डाग, क्वचित चक्कर. छाती-पाठीवर खोल गेलेली सुई मात्र फुप्फुसाला भोक पाडू शकते. मुलांची छातीची भिंत पातळ असल्याने तिथे टोचताना फार जपावे लागते.

हा उपचार घेणाऱ्या मुलाचा दाहशामक इन्हेलर स्पेसरसह (इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळीसह) नियमित चालू ठेवावा लागतो. सुयांविषयी डॉक्टरांना सांगणेही गरजेचे आहे. साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला, तर डॉक्टरच औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. बोलताना वाक्य तुटणे, श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाणे किंवा ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास आराम देणारा इन्हेलर देत मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. अशा झटक्यात अ‍ॅक्युपंक्चरला जागा नाही.