थाप किती वेळा मारावी?

फाशांच्या खेळात थाप मारण्यालाही गणित असतं, आणि ते फार देखणं आहे. दक्षिण अमेरिकेत खेळला जाणारा ‘पेरुदो’ हा असाच खेळ पावसानं येऊरच्या डोंगरातली फेरी रद्द झालेल्या रविवारी ठाण्यातल्या कुठल्याही घरात मांडता येतो. प्रत्येकी पाच फासे आणि स्टीलचा एक पेला, बस.

फासे खुळखुळवून पेला पालथा घालायचा. आपले फासे फक्त आपण बघायचे. मग बोली लावायची. ‘तीन सहा’ म्हणजे सगळ्यांच्या पेल्यांखाली मिळून किमान तीन फाशांवर सहा आहेत. पुढच्यानं बोली चढवायची, नाहीतर ‘उघड’ म्हणायचं. बोली खरी निघाली तर ‘उघड’ म्हणणाऱ्याचा एक फासा जातो, खोटी ठरली तर बोली लावणाऱ्याचा. फासे संपले की बाद. (काही जण एक्का जोकर धरतात, इथे तो साधा समजू.)

समजा, तुम्ही आणि मामी दोघंच खेळताय. तुमच्याकडे एक सहा आहे आणि मामी म्हणते, ‘तीन सहा’. बोली खरी ठरायला तिच्या पाचांत किमान दोन सहा हवेत. तशी शक्यता ७७७६ पैकी १५२६, म्हणजे साधारण २० टक्के. मग लगेच ‘उघड’ म्हणायचं? थांबा. मामीनं तिचे फासे पाहिलेत. तिची बोली हाच एक पुरावा आहे, आणि त्याचं वजन मामी एरवी किती थापा मारते यावर ठरतं.

शंभर डाव धरा. सुमारे वीस डावांत तिच्याकडे खरंच किमान दोन सहा असतील आणि तेव्हा ती ही बोली लावेलच. उरलेल्या ऐंशीत ती कधीच थाप मारत नसेल, तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. प्रत्येक वेळी मारत असेल, तर ‘उघड’ म्हणा. पाचांपैकी चार वेळा तुम्ही जिंकाल. पण ऐंशीपैकी फक्त वीस वेळा, म्हणजे चारांत एकदा, मारली तर? वीस खऱ्या, वीस खोट्या. आता तुमचा निर्णय नाणेफेकीइतकाच. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८ साली अशा खेळांचं प्रमेय मांडलं, त्याचा गाभा हाच: आपली चाल समोरच्याला ओळखू येऊ नये, म्हणून ती ठरावीक प्रमाणात, पण कुठलाही क्रम न ठेवता बदलायची.

महाभारतातल्या नलोपाख्यानातला राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावर नजर टाकून पानं-फळं किती ते सांगतो, आणि नळाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्याही तोच शिकवतो. अंदाज आणि फासे यांची जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चारांत एकदा थाप मारायची खरी, पण मनानं ठरवू नका. माणसाच्या मनाला नकळत क्रम लागतो. हातात वाईट फासे आले की घड्याळाचा सेकंदकाटा बघा. तो पहिल्या पंधरा सेकंदांत असेल तरच थाप मारा.